चखण्याचं तेल

बारमध्ये चखणा सहसा उरत नाही. ग्लासात काही आहे तोवर हात प्लेटकडे जातच राहतो, आणि शेवटी तळाचा तिखट-मिठाचा चुराही बोटाने टिपला जातो. त्यामुळे मूगभजीच्या आणि चिकन लॉलिपॉपच्या अर्ध्या प्लेटी परत यायला लागल्या, तेव्हा आमच्या परमिट रूमच्या किचनमध्ये सगळ्यांचे कान टवकारले. वस्ताद तोच, मसाला तोच. बदललं होतं फक्त तेल. मालकांच्या नव्या भागीदाराने खरेदी आपल्याकडे घेतली होती आणि दर बघून रिफाइंड सोयाबीनचे डबे लावले होते.

दुपारी ते तेल झकास वाटायचं. रंगाला फिकट, वासाला काहीच नाही. रात्री नऊनंतर मात्र कढईवर बारीक, चिवट फेस धरायचा. झाऱ्याने सारला तरी पुन्हा जमायचा. एका नेहमीच्या शाकाहारी गिऱ्हाइकाने एकदा कॅप्टनला बोलावून विचारलं, "काय हो, भजी बोंबलाच्या कढईत काढता काय?" भज्यांची कढई वेगळीच होती. तो वास तेलाचा होता.

सोयाबीन तेलात लिनोलेनिक आम्ल सुमारे सात टक्के असतं. उष्णता आणि हवा मिळाली की सगळ्यात आधी बिघडतं ते हेच, आणि त्यातून मासळीसारखा वास येतो. घरी चार पुऱ्या तळायच्या आणि उरलेलं तेल फोडणीत संपवायचं, तर सोयाबीनला नावं ठेवायचं कारण नाही. बारची कढई मात्र संध्याकाळी सातला चढते ती किचन बंद होईपर्यंत उतरत नाही. ऑर्डर नसते त्या अर्ध्या तासातही तेल जळतच असतं.

तेल विकणारे धूर निघण्याच्या तापमानाचा आकडा फार सांगतात. रिफाइंड केलेलं सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा, राइस ब्रान, सगळी ताजी असताना २२५-२३० अंश सेल्सिअसच्या आसपास धूर सोडतात. तळणीला लागतात १७० ते १८०. त्या आकड्यावर कसली निवड करणार? तो कामाला येतो एकाच ठिकाणी. मेनूवर 'लाकडी घाण्याचं तेल' छापायची हौस हल्ली अनेकांना असते. घाण्याचं शेंगदाणा तेल चवीला उत्तम, पण ते १६० अंशांच्या आसपासच धूर द्यायला लागतं. ते भाजीत घाला, चटणीवर घ्या, तळणीला नको.

सोयाबीनचा वास डोक्यात गेला तसे आमचे शेठ थेट दुसऱ्या टोकाला गेले. आधी वनस्पती तूप, मग पामोलिन. दोन्ही कढईत टिकतात यात वाद नाही. पामोलिनमध्ये पामिटिक आम्ल चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, ते सहजी बिघडत नाही, आणि डबा स्वस्त पडतो. फरसाणवाले ते वापरतात ते काही उगाच नाही. पण बारमध्ये तळलेला पदार्थ गरम खाल्ला जातो हाच मुळात गैरसमज आहे. वडापाववाल्याचं गिऱ्हाईक वडा कढईतून आला की खातं. आमच्याकडे एक प्लेट तासभर टेबलावर असते, वर एसी, शेजारी बर्फासारखी थंड बिअर. अशा वेळी घट्ट होऊ पाहणारं तेल टाळूला मेणासारखं चिकटतं. वनस्पती तुपाची तर प्लेटीच्या कडेला पांढरी साय दिसते. शिवाय जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर चालत नाही, म्हणून वनस्पती घ्यायचंच असेल तर लेबल वाचूनच घ्या.

तेव्हापासून मी बारवाल्यांना एकच चाचणी सांगतो. नमुन्याच्या तेलात भजी काढा, पाऊण तास एसीखाली ठेवा आणि मग थंड बिअरच्या घोटाबरोबर खा. तेलाचा निकाल तिथे लागतो.

या चाचणीत माझ्याकडे टिकलं ते राइस ब्रान. लिनोलेनिक आम्ल नाममात्र, अंगचं ओरायझेनॉल तेलाला लवकर बिघडू देत नाही, आणि थंड झाल्यावर तोंडात राप बसत नाही. खोट एवढीच की रंग मुळातच जरा गडद, त्यामुळे तेल उतरलं की नाही हे नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही. फेस आणि धूर बघावा लागतो. परवडत असेल तर शेंगदाणे आणि कांदाभजीसाठी रिफाइंड शेंगदाणा तेलाची छोटी कढई वेगळी ठेवा, खमंगपणा लगेच कळतो. मात्र शेंगदाण्याची ॲलर्जी असणारं कोणी आलं, तर वेटरला उत्तर ठाऊक हवं.

दर विचारताना डबा पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा, हे आधी पाहा. लिटरला साधारण ९१० ग्रॅम धरलं तर पंधरा लिटरचा डबा साडेतेरा किलोच्या थोडाच वर भरतो. बरेचसे 'स्वस्त' दर इथेच उघडे पडतात.

चांगलं तेलही दोन गोष्टींनी मरतं, पाणी आणि चुरा. फ्रोजन फ्राइज वरचा बर्फ झटकूनच तेलात सोडा. लॉलिपॉपचं मॅरिनेशन निथळू द्या. मीठ-मसाला तळल्यावर भुरभुरवा. कॉर्नफ्लोअरचा, रव्याचा जळका चुरा दर घाण्यानंतर झाऱ्याने काढा. ऑर्डर नसेल तर आच उतरवा. पितळी कढई वापरू नका, तांब्याचा अंश तेल लवकर खराब करतो. सुरमई-बोंबलाची कढई वेगळी असावी हे वेगळं सांगायला नको.

तेल फेकायचं कधी, याचा नियम आहे. १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंडचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलेलं तेल तळणीला वापरता येत नाही. ते मोजायची पट्टी किंवा मीटर मिळतो, आणि रोज दोन कढया चालवणाऱ्याला तो खर्च जड नाही. रोज पन्नास लिटरहून जास्त तेल तळणीला लागत असेल तर वापराची आणि विल्हेवाटीची नोंदही ठेवावी लागते.

राहिलं ते काळं तेल. रात्री मागच्या दाराशी डबे घेऊन येणारा कोणीतरी असतोच. रोख पैसे देतो आणि पावती मागितली की हसतो. ते तेल बहुतेक वेळा कुठल्यातरी गाडीवरच्या कढईत जातं आणि सकाळी शाळेत जाणारी पोरं त्यातले वडे खातात. वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करणारे नोंदणीकृत संकलक आहेत. भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण पावती न देणाऱ्याच्या हातात तुमचा डबा देऊ नका.