गिटारचा नट : हाडाच्या पट्टीचे हुन्नर

नट म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे बोल्टवर फिरणारा लोखंडी नट येतो. गिटारचा नट म्हणजे ती वस्तू नव्हे. गिटारची मान जेथे संपते व खुंट्यांचे डोके सुरू होते, तेथे बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब अशी एक पट्टी बसवलेली असते. तिच्यात सहा खाचा असतात आणि प्रत्येक खाचेतून एक तार जाते. सतारीच्या दांडीवर वरच्या टोकाशी अशीच हाडाची पट्टी असते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ती बहुधा प्लास्टिकची येते, लवकर झिजते आणि मग गिटार दुरुस्तीस येते. हे काम भांडवलाचे नाही, हाताचे आहे, म्हणूनच ते या पानावर घेत आहोत.

नट बिघडला हे ओळखणे सोपे आहे. तार मोकळी छेडली तर झणझणते, पण कोठेही दाबून वाजवली तर स्वच्छ बोलते. अशा वेळी खाच खोल गेली असे समजावे. याउलट पहिल्या पडद्याजवळ तार दाबायला जड जाते आणि तेथला सूर चढा लागतो, तेव्हा खाच उथळ आहे. मात्र मान वाकली असेल किंवा पडदे, ज्यांना गिटारवाले फ्रेट म्हणतात, ते झिजले असतील तर आधी ते काम करावे. नाहीतर नवा नट बसवूनही तक्रार तशीच राहील व दोष आपल्या माथी येईल.

आमच्या भाच्याची गिटार अशीच एका दुकानात दिली होती. कारागिराने खाच खोल केली आणि चूक झाकण्यासाठी नटाखाली जाड कागदाची पट्टी सरकवली. मजुरी पूर्ण घेतली. चार महिन्यांत कागद दबला व तारा पुन्हा झणझणू लागल्या. पुढे तीच गिटार मिरजेकडच्या एका सतारवाल्याने दुरुस्त केली. या गृहस्थांनी त्यापूर्वी गिटार हाती धरलेली नव्हती. आम्ही त्यांच्याजवळ बसून सर्व काम पाहिले, शंका विचारल्या. खाली जे लिहीत आहोत ते बरेचसे त्या बैठकीचे आहे.

प्रथम माप. फेंडर धर्तीच्या गिटारीत मानेवर आडवी खाचणी असते व नट तिच्यात बसतो. तिची रुंदी इंचाचा आठवा भाग, म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेत बरोबर एक सूत. गिब्सन धर्तीत नट फ्रेटबोर्डच्या टोकाला टेकून बसतो आणि सुमारे दीड सूत जाड असतो. लांबी दोहोंत ४२ ते ४३ मिलिमीटरच्या आसपास. तरी पुस्तकी मापावर विसंबू नये. जी गिटार समोर आहे तिचेच माप व्हर्नियरने घ्यावे आणि जुन्या नटावरील खाचांची अंतरेही लिहून ठेवावीत.

जुना नट काढताना घाई झाली तर लाकूड उखडते आणि हे नुकसान नटाच्या किमतीहून मोठे असते. नटाभोवतीच्या पॉलिशवर धारदार पात्याने रेघ मारून ते सोडवून घ्यावे. मग लाकडी ठोकळा लावून हलके ठोके द्यावेत. खाचणीतला नट बाजूने सरकवून काढतात. अगदीच अडला तर नटाच्या मध्यावर लांबीने करवत चालवावी आणि दोन्ही तुकडे पकडीने आत दाबून उचलावेत. जुना गोंद खरवडताना तळाचे लाकूड खरवडू नये.

आता हाड. म्हशीच्या नळीचे हाड घट्ट व टिकाऊ असते. खाटकाकडून कच्चे हाड आणले तर त्यातील चरबी काढणे व ते वाळवणे यात फार दिवस जातात. नवशिक्याने तयार पट्टीच घ्यावी. ती विकत घेताना माल म्हशीच्या हाडाचा असल्याचे लिहिलेली पावती मागून घ्यावी व जपून ठेवावी. महाराष्ट्रात २०१५ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने गाईबरोबर बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्याबाहेर आहे. आपल्या माणसाच्या दुकानात हाड सापडले तर प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि तेव्हा कागदच कामी येतो. सांबरशिंग किंवा हस्तिदंत कोणी देऊ केले तर हात लावू नये, वन्यजीव कायद्याने त्यांच्या व्यापारास बंदी आहे.

पट्टीची जाडी कमी करण्यासाठी काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवावा आणि त्यावर पट्टी सपाट घासावी. आधी १२० नंबर, मग २२०, शेवटी ४००. तोंडाला फडके बांधावे, हाडाची भुकटी छातीस बरी नाही. बसणी अशी हवी की पट्टी बोटाने दाबली की जागेवर जावी, गिटार उलटी केली तरी पडू नये, पण ठोकावी लागू नये. ठोकून बसवलेला नट खाचणीच्या कडा फोडतो.

पेन्सिल उभी चिरून तिचा अर्धा भाग घ्यावा. तो सपाट बाजूने पडद्यांवर टेकवून पट्टीवर रेघ ओढावी. ही पडद्यांच्या उंचीची रेघ होय. खाचेचा तळ हिच्या खाली जाता कामा नये.

खाचांची जागा ठरवताना दोन्ही कडांची तार टोकापासून सुमारे ३ मिलिमीटर आत घ्यावी. मधल्या चार तारांसाठी समान भाग पाडण्याची चूक बहुतेकजण करतात. तारांचे मध्य समान अंतरावर नकोत, दोन तारांमधली मोकळी जागा समान हवी. जाड तार जास्त जागा खाते. येथे कापडवाल्यांनी सांभाळावे! आपल्याकडे सुताचा नंबर वाढला की धागा बारीक होतो, गिटारच्या तारेचे उलट आहे. १० नंबरची तार म्हणजे इंचाचे दहा हजारांश, सर्वांत बारीक, आणि ४६ नंबरची सर्वांत जाड. आम्हास हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

खाचेसाठी खास कानशी मिळतात, त्या महाग आहेत. मुंबईत नागदेवीच्या बाजारात गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करण्याच्या खरखरीत तारांचा संच मिळतो, सुरुवातीस त्यावर काम भागते. खाच तारेपेक्षा दोन-तीन हजारांशच रुंद असावी. अरुंद खाचेत तार अडकते आणि सुरात लावताना टकटक आवाज करीत उडी मारते. रुंद खाचेत ती डुलते.

सर्वांत नाजूक बाब खाचेच्या उताराची आहे. सतारीच्या घोडीचा माथा रुंद व किंचित गोलसर घासलेला असतो. कंप पावणारी तार त्याला हलकेच घासते व त्यातून जवारी उठते. ती जवारी काढण्यात मिरजेच्या कारागिरांनी पिढ्या घालवल्या; तेथील सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गिटारला हीच जवारी दोष ठरते. म्हणून खाचेचा तळ खुंटीकडे उतरता करावा, तार फक्त फ्रेटबोर्डकडील कडेवर टेकावी आणि तेथून स्वच्छ सुटावी. सतारवाले हसून म्हणाले, "जन्मभर जे आणायला शिकलो तेच इथे घालवायचे आहे." पण तार कोठे घासते हे त्यांच्या कानाला लगेच कळत होते. सतारीचा कान असलेल्या मुलांना गिटारचे काम लवकर जमते, असे आमचे मत तेव्हापासून झाले.

खोलीसाठी प्रत्येक वेळी तार पूर्ण सुरात चढवूनच पाहावे. ढिल्या तारेवरचे माप खोटे असते. दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यामध्ये तार दाबावी आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते बघावे. बारीक तारेखाली लिहिण्याचा एक कागद जाईल एवढी, जाड तारेखाली दोन कागदांएवढी. मोटार गॅरेजवाल्यांचे फिलर गेज असेल तर ०.१ व ०.२ मिलिमीटरच्या पात्या वापराव्यात. शेवटी शेवटी कानशीचे दोनच हात मारावेत, तार चढवावी, पाहावे, पुन्हा उतरवावी. कंटाळवाणे आहे खरे. पण कापड जास्त कापले गेले तर तुकड्याचा रुमाल तरी होतो, येथे एक हात जास्त पडला की पट्टी गेली.

खोल खाचेत हाडाची भुकटी व फेव्हिक्विक भरून ती पुन्हा कापण्याची युक्ती सर्वत्र चालते. ती तात्पुरती म्हणून करण्यास हरकत नाही, मात्र गिऱ्हाइकास तसे सांगावे आणि नव्या नटाची मजुरी घेऊ नये.

खाचा झाल्यावर वरचे जादा हाड घासून टाकावे. जाड तारा निम्म्या बाहेर दिसाव्यात, बारीक तारा माथ्याशी समपातळीत राहाव्यात. कडा गोल कराव्यात, नाहीतर वाजवणाऱ्याचा हात सोलतो. खाचेत पेन्सिलीचे शिसे फिरवावे, तार सरळ सरकते. पांढऱ्या गोंदाचे एक-दोन थेंब पुरेत, नट पुढे कधीतरी काढावा लागणारच आहे.

पहिल्या नटास अख्खा दिवस गेला तरी वाईट वाटून घेऊ नये. हात बसल्यावर दोन-तीन तासांत होतो. बिलावर 'हाडाचा नवा नट' असे स्पष्ट लिहावे, तारांचा नंबरही नोंदवावा. गिऱ्हाइकाने पुढे जाड तारा चढवल्या तर खाचा अडतील, हे तेव्हाच सांगावे. जुना नट फेकू नये, पाकिटात घालून गिटारबरोबर परत द्यावा. पुढच्या कारागिरास मापाला उपयोगी पडतो.