‘आई, ४० पाठव ना’

पालकहो,

टिटवाळ्यात राहायचं आणि नोकरीला मुंबईत जायचं म्हणजे दिवसाचे किती तास लोकलमध्ये जातात, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी घर सोडलेले आईबाबा परततात तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली असते. मधल्या वेळात मुलं कल्याणला कॉलेजला जातात, क्लास करतात, भूक लागली की खातात, झेरॉक्स काढतात, स्टेशनपासून शेअर रिक्षा करतात. या सगळ्याचे पैसे आता स्वयंपाकघरातल्या डब्यातून निघत नाहीत, मेसेजमधून येतात. ‘आई, ४० पाठव ना.’ ‘कशाला?’ ‘वडापाव आणि झेरॉक्स.’ ठाण्याच्या गर्दीत एका हाताने कडी धरलेली आई दुसऱ्या हाताने पिन दाबते. ‘पाठवले.’ पुढचा मेसेज बहुतेक दुसऱ्या दिवशी, पुन्हा पैशांचाच.

ही सोय चांगली आहे. उन्हात उपाशी उभं राहण्यापेक्षा मुलाला दोन मिनिटांत पैसे मिळाले, यात वाईट काही नाही. आणि पैशाबरोबर निरोप पाठवणं आपल्या घरांना नवीनही नाही. गिरणीत राबणारा कोकणातला माणूस गावी मनीऑर्डर करायचा, तेव्हा त्या फॉर्मवर निरोपासाठी थोडी जागा असायची. आईचं औषध, पोरांची फी, गणपतीला येणार की नाही, सगळं त्या चार ओळींत बसवायचं. लिहितावाचता न येणाऱ्या घरात पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि निरोप वाचूनही दाखवायचा. ती जुनी मनीऑर्डर पोस्टाने २०१५ मध्ये बंद केली. त्याच सुमारास बँका समाजमाध्यमांकडे वळल्या होत्या. कोटक महिंद्रा बँकेने २०१४ मध्ये फेसबुकवरून आणि आयसीआयसीआय बँकेने २०१५ च्या जानेवारीत ट्विटरवरून पैसे पाठवण्याची सोय आणली. २०१६ मध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॉट्सॲपलाही त्यावरून पैसे पाठवायला परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. पैसे पोचायला आता क्षण पुरतो. त्या चार ओळी मात्र गळून गेल्या, आणि त्यावरच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

रक्कम लहान असते म्हणून आपण विचारत नाही. रक्कम लहान असते म्हणून मुलंही सांगत नाहीत. मुलांना फसवणारे लोक या न बोललेल्या जागेतच शिरतात.

ते कसं, ते नीट बघा. मुलाला टेलिग्रामवर किंवा इन्स्टाग्रामवर मेसेज येतो, घरबसल्या काम आहे, व्हिडिओला लाइक करा आणि पैसे मिळवा. मूल लाइक करतं आणि खरंच शेदीडशे रुपये खात्यात येतात. मुलाला वाटतं, आपली पहिली कमाई! आईबाबांवर भार न टाकता आपण काही मिळवलं याचा त्याला अभिमान वाटतो, आणि तो अभिमान खरा असतो, हे विसरू नका. मग पुढच्या ‘टास्क’साठी आधी हजार भरा, मग पाच हजार, मग अडकलेले पैसे सोडवायला आणखी. पहिले दीडशे रुपये हाच गळ होता.

दुसरा प्रकार मैत्रिणीच्या नावाने येतो. तिचं खातं कोणीतरी हॅक केलेलं असतं आणि त्यावरून मेसेज येतो, ‘अगं, अर्जंट ५०० पाठव, रात्री देते.’ फोटो तिचा, नाव तिचं. मुलं मैत्रीला जागतात, लगेच पाठवतात. पाठवण्याआधी त्या मैत्रिणीला साधा फोन करायचा आणि तिचा आवाज ऐकायचा, एवढी सवय पुरते. ती कोणी लावायची? आपणच.

तिसरा मेसेज, ‘चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, परत पाठवा.’ बऱ्याचदा पैसे आलेलेच नसतात, बँकेच्या मेसेजसारखा दिसणारा खोटा मेसेज असतो. खात्यातली शिल्लक स्वतः उघडून बघितली की लगेच कळतं. आणि खरंच आले असतील तर आपण परस्पर परत पाठवायचे नाहीत, बँकेला कळवायचं. हेही मुलाला एकदा करून दाखवा, की पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. त्यासाठी म्हणून पिन दाबला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, कारण तिच्या आडून लोक लुबाडले जात होते. पण मेसेज लिहून पैसे मागायला कोण अडवणार?

सगळ्यात घातक प्रकार मात्र वेगळा आहे. कॉलेजमधला ओळखीचा, किंवा ओळखीच्याचा ओळखीचा, म्हणतो, ‘तुझ्या खात्यावर पैसे येतील, तू पुढे पाठव, तुला दोन हजार.’ मुलाला यात चोरी दिसत नाही, कारण त्याने कोणाकडून काही घेतलेलं नसतं. पण ते पैसे कोणा तरी फसवलेल्या माणसाचे असतात. पोलीस पैशांचा माग काढत येतात ते खातेदाराच्या दारात. खातं गोठतं, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं नाव गुन्ह्यात येतं. ‘आपलं खातं, सिमकार्ड आणि पासबुक कोणालाही वापरायला द्यायचं नाही, मित्रालाही नाही,’ हे वाक्य तुमच्या घरात स्पष्ट शब्दांत बोललं गेलंय का, आठवून बघा.

टिटवाळ्याच्या काही घरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गणपती मंदिराच्या रस्त्यावर दुर्वा, जास्वंद, नारळ, पेढे विकणाऱ्या घरांतली मुलं मंगळवारी, संकष्टीला, अंगारकीला आईबाबांबरोबर उभी राहतात. गर्दीत गिऱ्हाईक ‘पाठवले’ म्हणत स्क्रीनशॉट दाखवतं आणि पुढे सरकतं. स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो. मुलाला सांगा, समोरच्याच्या फोनकडे बघू नकोस, आपल्या फोनवर पैसे आलेत का ते बघ आणि मगच हार हातात दे. आणि एखादा हार असाच गेला, तर गर्दीत चारचौघांसमोर त्याच्यावर ओरडू नका.

पैशाची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. मुलांचे ग्रुप असतात. कोणाचा वाढदिवस, सरांना भेटवस्तू, पावसाळ्यात सहल. ग्रुपवर यादी पडते, प्रत्येकी १५०, नंबर खाली दिलाय. ज्याने पैसे दिले त्याच्या नावापुढे हिरवी खूण. संध्याकाळपर्यंत वीस नावांपुढे खूण असते, तीन नावं कोरी. ती तीन नावं सगळे बघत असतात. पूर्वी वर्गणी गोळा करणारा मुलगा हळूच ‘नंतर दे’ म्हणायचा आणि विषय तिथेच मिटायचा. आता मुलगी रात्री उशिरा मेसेज करते, ‘बाबा, १५० पाठवा ना प्लीज,’ आणि दिवसभर रिक्षा चालवून आलेल्या बाबांना कळत नाही, ही एवढ्याशा पैशांसाठी रडकुंडीला का आलीय. तिला १५० रुपये लागत असतातच, पण त्याहून जास्त तिला त्या यादीतून सुटायचं असतं. महिनाअखेर असेल, नसतील पैसे, तर ‘नाहीत’ हे प्रेमाने आणि खरं सांगा. ‘मागच्या आठवड्यात तर दिले होते’ असं म्हणून तिला गुन्हेगार करू नका. आणि तुमची परिस्थिती बरी असेल, तुमचंच मूल ती यादी करत असेल, तर त्याला शिकवा, नावांपुढे खुणा करायच्या नाहीत, ज्याचे राहिलेत त्याला एकट्याला विचारायचं. घरात दिलेलं हे शिक्षण मोठं आहे असं मला मनापासून वाटतं.

आता पिनबद्दल. कितीतरी घरांत आईचा फोन मुलाच्या हातात असतो आणि आईचा पिन त्याला पाठ असतो. उलट आईलाच विचारावं लागतं, ‘अरे, आपला पिन काय रे?’ हे थांबवा. मुलावर अविश्वास म्हणून नव्हे. तुमच्या पिनने पैसे गेले, तर ते त्याने पाठवले की दुसऱ्याने त्याच्याकडून पाठवून घेतले, हे तुम्हालाही कळणार नाही आणि बँकेलाही नाही. पिन देण्याऐवजी दुसरे मार्ग आहेत. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना स्वतःचं बचत खातं उघडून स्वतः चालवू द्यावं, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दिली आहे. किती रकमेपर्यंत आणि कोणत्या सोयी, ते प्रत्येक बँक ठरवते, म्हणून आपल्या शाखेत जाऊन विचारा. २०२४ पासून यूपीआय सर्कलचीही सोय आहे. खातं तुमचं राहतं, मूल त्याच्या फोनवरून पैसे देतं. प्रत्येक वेळी मंजुरी तुमच्याकडे यावी असं ठेवता येतं, किंवा महिन्याची मर्यादा घालून त्याला मोकळीक देता येते. ती मर्यादा १५,००० रुपयांच्या वर जात नाही. कॉलेजच्या मुलाला याच्या दशांशाने सुरुवात पुरे.

मर्यादा त्याच्याशी बोलून ठरवा. आणि त्याने तेवढ्यात भागवलं, तर रोजच्या व्यवहारांची उलटतपासणी घेऊ नका. प्रत्येक वडापावाचा हिशेब द्यावा लागला की मूल रोखीने उधार घ्यायला शिकतं, आणि मग तुम्हाला काहीच दिसत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चहाबरोबर, दोघांचेही व्यवहार उघडून बसा. आधी तुमचे दाखवा. दूध, वीजबिल, लोकलचा पास, आजीची औषधं. घर किती पैशात चालतं हे कितीतरी मुलांना माहीत नसतं, आणि कळलं की ती विचाराने खर्च करायला लागतात.

सगळ्यात शेवटी भीतीबद्दल बोलते. फसवणूक झाल्यावर पहिला तास सगळ्यात मोलाचा असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जाण्याआधी तक्रार झाली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते. त्यासाठीच १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. पण मूल तो तास ‘बाबा काय म्हणतील’ या विचारात घालवतं. कोणी रात्रभर जागं राहतं, कोणी तोटा भरून काढायला आणखी पैसे पाठवतं. हजार रुपये गेल्यावर ओरडा बसेल ही खात्री असेल, तर दहा हजार जाईपर्यंत ते गप्प राहील. म्हणून आज रात्री मुलाला जवळ बसवा. १९३० हा नंबर त्याच्या फोनमध्ये आणि तुमच्या फोनमध्ये सेव्ह करा, आणि त्याला सांगा: पैसे गेले तर पहिला फोन मला कर, मी रागावणार नाही. आणि तो फोन खरंच आला, तर दिलेला शब्द पाळा.