माठापाशी त्याचीही पाळी

आई-बाबांनो,

प्रवेशाच्या दिवशी तुमच्यातल्या दोघींनी मला बाजूला घेऊन विचारलं. एक म्हणाली, "ताई, माझ्या लेकाला बाकीची मुलं सांभाळून घेतील ना?" दुसरी जरा अवघडून म्हणाली, "आमच्या मुलीचा सगळा वेळ त्या मुलांना सांभाळण्यातच जाणार नाही ना?" दोन्ही प्रश्न काळजीपोटी आलेले, म्हणून मला कुणाचाच राग आला नाही. पण दोघी एक गोष्ट धरूनच चालल्या होत्या. आपल्या बालवर्गात काही मुलं मदत करणार आणि दिव्यांग मुलं ती घेणार. त्याविषयीच आज मनातलं बोलायचं आहे.

मागच्या वर्षी मीही तेच धरून चालले होते. सेरेब्रल पाल्सी असलेला, वॉकर घेऊन चालणारा एक मुलगा वर्गात आला. एका चुणचुणीत मुलीला मी त्याच्या शेजारी बसवलं. ती त्याचं दप्तर उचलायची, डबा उघडून द्यायची, बूट चढवायची, आणि मी सगळ्यांसमोर तिला शाबासकी द्यायची. दिवाळीच्या सुट्टीआधी एके दिवशी ती आली नाही. शाळा सुटली, मुलं रांगेत उभी राहिली, आणि हा खुर्चीत पाय पुढे करून बसून राहिला. त्याच्या आईने आधीच्या उन्हाळ्यात रोज सराव करून घेऊन त्याला वेलक्रोचे बूट घालायला शिकवलं होतं. चार महिन्यांत तो ते विसरला. विसरला कसला, मी विसरायला लावलं. आणि त्या मुलीला काय शिकवलं? की शेजारचा मुलगा म्हणजे आपलं एक काम आहे.

सुट्टीनंतर आम्ही रीत बदलली. सेवेतून शिक्षण म्हणतात ते हेच: आजूबाजूला कुणाला काय हवं आहे ते मुलांनी पाहायचं, आपल्याला झेपेल ते करायचं, आणि मग गोल बसून त्याविषयी बोलायचं, चित्रं काढायची. फरक एवढाच केला की सेवा दिव्यांग मुलांची करायची नाही, त्यांच्यासोबत करायची.

मार्चमध्ये रस्ता झाडणाऱ्या मावशी दहाच्या सुमाराला फाटकाशी येऊन पाणी मागायच्या. मुलं खिडकीतून बघायची. "त्यांच्याकडे बाटली नसते का?" एकाने विचारलं, आणि तिथून फाटकाशी माठ ठेवायचं ठरलं. कुणी तांब्याने पाणी आणायचं, कुणी पेले विसळायचे. वॉकर धरला की हात मोकळा राहत नाही, म्हणून आपला हा मुलगा पाणी आणू शकत नव्हता. मग बसून पाणी द्यायचं काम त्याचं.

पण ओगराळ्याचा दांडा बारीक, त्याच्या मुठीतून निसटायचा. आम्ही जुन्या सुती साडीची पट्टी दांड्याला गुंडाळून तो जाड केला. उंच तिवईवरचा माठ बुटक्या चौरंगावर आणला. एवढ्याला अर्धा दिवस लागला, खर्च काहीच आला नाही.

पहिल्या दिवशी मावशी आल्या तेव्हा निम्मं पाणी जमिनीवर गेलं. मी पुढे होणार होते. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, पेला दोन्ही हातांनी ओगराळ्याखाली धरला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. "राहू दे बाळा" म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला पेला भरला. त्या घटाघटा प्यायल्या, "गार आहे रे," म्हणाल्या आणि रिकामा पेला त्याच्याच हातात दिला. बोलायला त्याला वेळ लागतो. त्याने मान वर करून विचारलं, "अजून?"

आणखी एक सांगते. वर्गात एक स्वमग्न मुलगा होता, बोलत नसे. माठाचं झाकण उघडं दिसलं की तो वर्गातून उठून यायचा, ते नीट बसवून परत जायचा. हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. चार दिवसांत मुलंच म्हणू लागली, झाकण त्याचं. श्रवणयंत्र लावणारी एक मुलगी दर पेल्यामागे एक चिंचोका वाटीत टाकायची, आणि सुटायच्या वेळी सगळे मिळून मोजायचे. एके दिवशी नऊच निघाले. का? तर आभाळ आलं होतं, ऊन नव्हतं. माठाजवळ स्टीलची कळशी ठेवून दोन्हींना हात लावून पाहिला, माठ बाहेरून ओला का असतो यावर वाद घातला. मुलं आकडे कधी शिकणार, ही चिंता करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं.

हे नवं खूळ नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करत होत्या. तिथे हाती आलेली साधनं आणि रीतच त्यांनी पुढे सगळ्या मुलांसाठी वापरली. ताराबाई मोडक आणि गिजुभाईंनी तीच दृष्टी आपल्याकडच्या बालशिक्षणात रुजवली. बटणं लावणं, पाणी ओतणं, कपड्याची घडी करणं, हे तुमचं मूल बालवर्गात करतं, त्याची वाट मुळात दिव्यांग मुलांनी दाखवलेली आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाचा अर्थच असा दिला आहे की मुलांनी एकत्र शिकावं आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेप्रमाणे बदलावी. बदलायचं शाळेने, मुलाने नाही.

सगळं गोड होतं असं मी सांगणार नाही. पाणी सांडून भांडणं झाली, एकदा एक मूल दुसऱ्याला चावलं. चाळीस मुलं आणि एकच बाई असेल तर हे जमत नाही. दुसरी बाई हवीच, आणि ती तुम्ही पालकांनी शाळेकडे मागायला हवी, दिव्यांग मुलांच्याच नव्हे, सगळ्या पालकांनी. कॉलेजातून राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं येतात, त्यांनाही मी पहिल्या दिवशी सांगते: हात मागे बांधून उभे राहा, आणि "मदत हवी का?" हे विचारल्याशिवाय हात पुढे करू नका.

ज्या आईला मुलीची काळजी आहे तिला सांगते, मागच्या वर्षीची ती चुणचुणीत मुलगी पुढे हेच विचारायला शिकली. "नको" असं उत्तर आलं की थांबायलाही शिकली. साडेचार वर्षांच्या मुलीला हे फार अवघड असतं.

या महिन्यात आपल्या वर्गाच्या दाराशी ओल्या छत्र्या आणि चिखलाचे पाय असणार. पायपुसणी पसरणं, छत्र्या टांगणं, फरशी पुसणाऱ्या मावशींना हात देणं, या कामांच्या पाळ्या सोमवारी ठरतील. प्रत्येक मुलाचं नाव त्यात असेल. तुम्ही घरी एवढंच करा: जेवायच्या वेळी पाण्याचे पेले मुलाला मांडू द्या. सांडलं तर ओरडू नका, तुम्ही पुसूही नका. फडकं त्याच्या हाती द्या.