अळिंबी खा, पण ओळखून

पावसाळ्यात देहूरोड-मावळ भागात माळावर व कुजक्या लाकडावर छत्र्या उगवतात. खात्रीची ओळख नसल्यास त्या खाऊ नयेत. विषारी छत्रीने चांदीचे नाणे काळे पडते, हा समज चुकीचा आहे. काही जहाल विषे शिजवूनही नष्ट होत नाहीत.

त्यापेक्षा भाताच्या पेंढ्यावर वाढविलेली धिंगरी अळिंबी आहारात घ्यावी. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. स्निग्धांश अत्यल्प असून प्रथिने, तंतू व 'ब' जीवनसत्त्वे मिळतात. धिंगरी भिजत न ठेवता झटपट धुवावी, हाताने फाडावी आणि कांदा-लसणाच्या फोडणीत पाणी आटेपर्यंत शिजवावी.

रानछत्री खाऊन उलट्या-जुलाब झाल्यास उरलेला नमुना घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. मध्येच बरे वाटले तरी थांबू नये. यकृतावरील परिणाम नंतर दिसतो.