फवारणीनंतरची बादली

महालक्ष्म्या दहा दिवसांवर आल्या आणि माजघरातल्या सराला वाळवी लागलेली दिसली. मुरुममधलं आमचं घर माळवदाचं. 1993च्या भूकंपानंतर या भागात अनेकांनी डोक्यावरची माती उतरवून पत्रे घातले, आमचं तेवढं तसंच राहिलं. स्वयंपाकघरात झुरळंही होतीच. म्हणून दोघा फवारणीवाल्यांना बोलावलं. त्यांनी सरांना भोकं पाडून औषध भरलं, भिंतींच्या कडेनं फवारलं, ओट्याखाली आणि कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी मोहरीएवढे जेलचे ठिपके लावले. "चार तास घर बंद ठेवा," म्हणाले, पैसे घेतले, गेले. औषध कुठलं, हे मी विचारलं नाही.

सणाचं घर, त्यात तो उग्र वास. दार उघडल्या उघडल्या मी पदर खोचला. आधी कोरडा झाडू. सराखाली वाळवीचा भुसा पडला होता, तो उडाला. ओसरीवरून आत्याबाई ओरडल्या, "कोरडं कशाला झाडायलीस गं? सगळं नाकात जायलंय!" सासूचं ऐकायचं वय माझं कधीच सरलं होतं. पाच मिनिटांत गाल चुरचुरायला लागले, मिरची कुटल्यावर होतात तसे. मग फिनेलचं पाणी करून फरशी आणि हातभर उंचीपर्यंत भिंती धुतल्या. बिजागऱ्यांवरचे ठिपके तेलकट डाग समजून घासणीनं काढले. मेलेली झुरळं सुपलीत भरून अंगणात फेकली, ती कोंबड्यांनी टिपली. संध्याकाळी त्यातली एक मान टाकून बसली होती.

आणि इतकं सगळं धुणाऱ्या बाईनं उघड्या फळीवरच्या कपबशा मात्र नुसत्या फडक्यानं पुसून त्यातच चहा केला.

महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी पुरणाच्या पातेल्यामागून झुरळ निघालं. पाहुण्यांसमोर. फवारणीवाल्याला फोनवर चार शब्द सुनावले, तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, कडा धुतल्या का?"

म्हणजे जे राखायचं ते मी धुतलं आणि जे धुवायचं ते राखलं. कडेला फवारलेलं औषध वाळून तिथंच राहतं आणि त्यावरून चालणारा किडा मरतो. जेल झुरळानं खायचं असतं. ते खाऊन ते बिळात जाऊन मरतं आणि त्याला खाणारी दुसरीही मरतात. त्यावर फिनेलचा हात फिरला की झुरळ तिकडं फिरकत नाही. तेव्हा भिंतीलगतची वीतभर पट्टी, ओट्याखालचे कोपरे आणि ठिपके यांना दोन-तीन आठवडे पाणी लावू नका. फरशीचा मधला भाग ओल्या फडक्यानं पुसा, कोरडा झाडू नकोच. आधी दारं-खिडक्या उघडून तासभर हवा खेळू द्या. हातात मोजे, नाकाला रुमाल. फडकं नंतर टाकून द्या. मेलेले किडे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, अंगणात नाही.

हात आणि तोंड लागतं ते सगळं मात्र साबणानं धुवा: ओटा, पोळपाट, भांडी, दाराच्या कड्या, रांगत्या लेकराची खेळणी. उघडा राहिलेला माठ ओतून द्या. खरं तर भांडी, पीठ, पाणी फवारणीआधीच झाकून बाहेर काढायला हवं, म्हणजे निम्मं काम वाचतं. मांजर असेल तर तिला चांगली लांब ठेवा; फवारणीत वापरली जाणारी काही औषधं मांजराला फार बाधतात.

औषधाचं नाव लिहून घ्या आणि डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ, दम लागणं असं काही झालं तर डॉक्टरांना पहिल्यांदा ते नावच लागतं. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा 1800 116 117 हा फुकट नंबरही फोनमध्ये असू द्या.

एक गोष्ट राहिली. जाता जाता फवारणीवाल्यांतल्या एकानं विचारलं होतं, "ज्वारीच्या पोत्यांत दोन गोळ्या टाकू का?" पोती माजघरात, आणि आम्ही झोपतो तिथंच. आत्याबाईंनी सरळ नाही म्हटलं, म्हणून आज हे लिहितेय. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची ती गोळी हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फिन वायू सोडते. तिथं पुसून, धुऊन काही होत नाही, उलट पाणी लागलं की वायू जोरात सुटतो. त्यावर उतारा नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये पुण्यात बिबवेवाडीला पेस्ट कंट्रोल केलेल्या घरात परतलेलं एक जोडपं दगावलं होतं. ज्वारीला दोन दिवस कडक ऊन द्या, कडुनिंबाचा वाळला पाला घाला, थोडे टोके झाले तर पाखडून घ्या. पण माणसं झोपतात त्या खोलीत ती गोळी कुणालाही टाकू देऊ नका.