बॅप्टिस्ट मंडळी : तिचा उगम, तिचीं मतें व तिचा प्रश्न

कोथरूड हें एके काळीं पुण्याबाहेरील लहानसें खेडें होतें. आज तें शहराचें एक गजबजलेलें उपनगर झालें आहे. मृत्युंजयेश्वराचें जुनें देऊळ येथें आहे. जवळच हिंगण्याच्या माळावर महर्षि कर्वे यांनीं इ. स. १९०० मध्यें विधवांच्या आश्रमासाठीं झोपडी उभारली होती. आणि आतां नाना प्रांतांतून आलेलीं, नाना भाषा बोलणारीं कुटुंबें शेजारीशेजारी राहत आहेत. अशा वस्तींतून शाळेस जातां येतां एखाद्या फलकावर ‘बॅप्टिस्ट’ हा शब्द दिसला, तर विद्यार्थ्याच्या मनांत सहजच येईल कीं, ख्रिस्ती मंडळी म्हणजे काय हें आपणांस ठाऊक आहे, पण हें विशेषण कशाचें ? या प्रश्नाचें उत्तर आम्ही यथामति देत आहों. उत्तर देतां देतां आपणांस हॉलंड, इंग्लंड व बंगाल असा प्रवास करून शेवटीं पुन्हां आपल्याच घराच्या उंबऱ्याशीं यावें लागेल. कारण हा प्रश्न अखेर आईबाप व मुलें यांच्यामधला आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. नवा करार मूळ ग्रीक भाषेंत लिहिलेला आहे. त्यांतील ज्या क्रियापदापासून ‘बाप्तिस्मा’ हा शब्द आला, त्याचा मूळ अर्थ ‘बुडविणें’ असा आहे. ख्रिस्ती समाजांत हा विधि सर्वत्र आहे. परंतु तो कोणास द्यावा व कसा द्यावा याविषयीं मतभेद पडले. बहुतेक जुन्या मंडळ्यांत तान्ह्या बालकाच्या मस्तकावर पाणी शिंपडून किंवा ओतून हा विधि होतो. याच्या उलट, ज्यानें स्वतः विश्वास धरला व तो आपल्या तोंडानें कबूल केला त्यासच बाप्तिस्मा द्यावा, असें मानणारे लोक निघाले. त्यांना इतरांनीं ‘बॅप्टिस्ट’ असें टोपणनांव दिलें. पुढें तेंच त्यांनीं अभिमानानें स्वीकारलें.

या पंथाचा उगम इ. स. १६०९ मध्यें अँम्स्टरडॅम शहरीं झाला असें मानतात. इंग्लंडांत त्या काळीं राजा हाच धर्मसंस्थेचाही प्रमुख असे आणि राजमान्य पद्धतीबाहेर उपासना करणें हा अपराध ठरे. जॉन स्मिथ नांवाचा धर्मोपदेशक आपल्या अनुयायांसह हॉलंडांत पळून गेला. तेथें त्यानें प्रथम स्वतःस व नंतर आपल्या सोबत्यांस बाप्तिस्मा दिला. त्याचा सोबती टॉमस हेल्विस हा कांहीं जणांसह मायदेशीं परतला व त्यानें १६१२ च्या सुमारास लंडनजवळ स्पिटलफील्ड्स येथें इंग्लंडच्या भूमीवरील पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापिली. आरंभीं हे लोक पाणी ओतूनच बाप्तिस्मा देत. संपूर्ण बुडविण्याची रीत त्यांच्यांत सुमारें तीस वर्षांनंतर रूढ झाली. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. पाणी किती असावें हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता. पाण्यांत कोणी उतरावें, हा होता.

आतां त्यांचीं मुख्य मतें क्रमानें पाहूं.

पहिलें मत असें कीं, श्रद्धा व आचरण यांच्या बाबतींत पवित्र शास्त्र हेंच अंतिम प्रमाण होय. रूढि कितीही जुनी असो, ती शास्त्राच्या कसोटीस लावून पाहावी.

दुसरें मत वर आलेंच आहे. बाप्तिस्मा हा विश्वास धरणाऱ्याचा विधि होय. मनुष्य पाण्याखालीं जातो व वर येतो, यांत जुन्या जीवनाचें मरण व नव्या जीवनाचा उदय सूचित होतो. पाण्यानें पाप धुतलें जातें असें ते मानीत नाहींत. अंतःकरणांत आधीं घडलेल्या गोष्टीची ती उघड साक्ष आहे, असें ते म्हणतात. बाप्तिस्मा व प्रभुभोजन असे दोनच विधि ते मानतात.

तिसरें मत मंडळीविषयीं. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, किंवा एखाद्या गांवांत जन्मलेल्या सर्वांची शिरगणतीही नव्हे. स्वेच्छेनें एकत्र आलेल्या विश्वासणाऱ्यांचा समुदाय तीच मंडळी. ती आपला पाळक स्वतः निवडते व आपला कारभार सभासदांच्या विचारानें चालविते. मंडळ्या मंडळ्यांचे संघ होतात खरे, परंतु परंपरेनें ते सल्ला व साह्य यांसाठीं असतात. हुकूम चालविण्यासाठीं नव्हे.

चौथें मत जगाच्या इतिहासांत फार मोलाचें ठरलें. तें म्हणजे धर्मस्वातंत्र्य. मनुष्याच्या श्रद्धेचा जाब देव विचारील, राजानें तो विचारूं नये. आणि ही मोकळीक केवळ ख्रिस्ती लोकांस नव्हे, तर यहूदी, मुसलमान व पाखंडी म्हटल्या जाणाऱ्यांसही असावी, असें हेल्विसनें १६१२ मध्यें पुस्तक लिहून राजा पहिला जेम्स याला निर्भीडपणें कळविलें. त्याबद्दल त्याला न्यूगेटच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें व तेथेंच त्याचा अंत झाला. पुढें अमेरिकेंत रॉजर विल्यम्स यानें १६३६ मध्यें प्रॉव्हिडन्स ही वसाहत याच तत्त्वावर वसविली, व लवकरच तेथें त्या खंडांतील पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. श्रद्धा जर स्वेच्छेनें धरावयाची, तर ती कोणावर लादतां येणार नाहीं ; म्हणजे हें चौथें मत दुसऱ्याच्याच पोटीं जन्मलें, हें सूज्ञ वाचकांस सांगावयास नको.

हा पंथ हिंदुस्थानांत कसा आला ? विल्यम कॅरी हा इंग्लंडांतील एक गरीब चांभार. जोडे शिवतां शिवतां त्यानें अनेक भाषा आत्मसात् केल्या. १७८३ मध्यें नेन नदींत त्याचा बाप्तिस्मा झाला. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग गांवीं थोडेसे स्नेही जमले व त्यांनीं अवघी तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स इतकी वर्गणी लिहून बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापिली. पुढील वर्षीं कॅरी बंगाल्यांत उतरला. कंपनी सरकारास मिशनऱ्यांची अडचण वाटे, म्हणून १८०० सालीं त्यानें डेन्मार्कच्या ताब्यांतील श्रीरामपूर येथें ठाणें दिलें. हें श्रीरामपूर हुगळी नदीच्या कांठचें. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नांवाच्या सुतारानें हुगळींत बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशीं कॅरीच्या थोरल्या मुलाचाही, फेलिक्सचा, बाप्तिस्मा झाला. मिशनऱ्याचा पुत्र व बंगाली सुतार एकाच नदींत, एकाच अटीवर उतरले, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. बापाचें नांव तेथें उपयोगी पडलें नाहीं.

महाराष्ट्रावर तर या मंडळीचे विशेष उपकार आहेत. कॅरी पुण्यास कधीं आला नाहीं. तथापि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत तो मराठी शिकवीत असे. पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें त्यानें १८०५ मध्यें मराठी भाषेचें व्याकरण व १८१० मध्यें मोडी अक्षरांत कोश छापला. नव्या कराराचें मराठी भाषांतर १८११ मध्यें पूर्ण छापून झालें. श्रीरामपूरच्या छापखान्यानें ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ व ‘राघोजी भोंसल्यांची वंशावळी’ हीं पुस्तकेंही १८१४ ते १८१६ या वर्षांत मराठींत काढलीं. मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेंत हें काम झालें, हें आपण विसरतां कामा नये.

मग मराठी मुलखांत बॅप्टिस्ट मंडळ्या थोड्या कां ? याची कथा मनोरंजक आहे. १८१२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेहून पांच तरुण मिशनरी दोन गलबतांतून हिंदुस्थानाकडे निघाले. ते बालकांस बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीचे होते. त्यांपैकीं अदोनीराम जडसन यानें, श्रीरामपूरकरांशीं वाद करण्याची वेळ आल्यास तयारी असावी म्हणून, प्रवासांत ग्रीक नव्या कराराचा कसून अभ्यास केला. आणि शेवटीं प्रतिपक्षाचेंच म्हणणें त्याला पटलें! कलकत्त्यास त्यानें पुन्हां बाप्तिस्मा घेतला. कांहीं आठवड्यांनीं ल्यूथर राइस यानेंही तेंच केलें. ज्या संस्थेनें त्यांना पाठविलें तिचें साह्य त्यांनीं आपण होऊन सोडलें. जडसन ब्रह्मदेशास गेला. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे आपल्या पूर्वीच्या मतावर राहून १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस आले, व त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. पुढें स्कॉटिश मिशनरी आले, तेही बालकांच्या बाप्तिस्म्याचेच पुरस्कर्ते. यामुळें मुंबई, पुणें, अहमदनगर या भागांत तीच रीत रूढ झाली. बॅप्टिस्ट मंडळ्यांचा मोठा विस्तार तेलुगु देशांत व ईशान्येकडील डोंगराळ प्रांतांत झाला. नागा प्रदेशांत एडवर्ड क्लार्क १८७२ मध्यें पोहोंचला, आणि आज नागालँडांतील बहुसंख्य लोक बॅप्टिस्ट आहेत. शिक्षणासाठीं पुण्यास येणाऱ्या ईशान्येकडील विद्यार्थ्यांत या मंडळीचे तरुण पुष्कळ असतात, त्याचें कारण हेंच.

मतभेद किती खोल होता हें एका शब्दावरून दिसेल. श्रीरामपूरच्या परंपरेंतील भाषांतरकार त्या ग्रीक क्रियापदासाठीं ‘बुडविणें’ या अर्थाचा देशी शब्द घालीत. बायबल सोसायटीनें त्यास हरकत घेऊन बंगाली आवृत्तीचें साह्य नाकारलें. तेव्हां बॅप्टिस्टांनीं १८४० मध्यें भाषांतरासाठीं निराळी संस्था काढली. आपल्या मराठी शास्त्रांत मूळ ग्रीक शब्दच ‘बाप्तिस्मा’ या रूपानें राहिला आहे. त्यामुळें दोन्ही पक्षांचे लोक तेंच पुस्तक उघडतात, आणि जो तो आपापला अर्थ वाचतो.

येथें दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही न्यायबुद्धीनें ऐकलें पाहिजे. ते म्हणतात, देवाची कृपा मनुष्याच्या समजुतीची वाट पाहत नाहीं. नव्या करारांत सगळ्या घराण्याचा बाप्तिस्मा झाल्याचे उल्लेख आहेत. मूल समजूं लागण्यापूर्वीं आई त्यास दूध पाजते, त्याप्रमाणें मंडळीही त्यास आपल्या पदराखालीं घेते. हें म्हणणें पोकळ नाहीं. बॅप्टिस्ट आईबापही बालकास मंडळींत आणून त्याच्यासाठीं प्रार्थना करतात ; मात्र त्याच्या वतीनें शपथ घेत नाहींत.

स्वतः निर्णय घेणें म्हणजे काय, याचें उदाहरण आपल्या मराठी घरांत आहे, आणि तें बॅप्टिस्ट मंडळीबाहेरचें आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळक यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. पति ख्रिस्ती झाला म्हणून पत्नीही झाली, असें घडलें नाहीं. पुढें त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी आपलें सोवळें त्यांनीं सांभाळलें. आधीं जातिभेदाविषयींचा त्यांचा विचार बदलला, मग मन वळलें, आणि पतीनंतर सुमारें पांच वर्षांनीं त्यांनीं स्वतःच्या निश्चयानें बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यास हें ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्या सदसद्विवेकावर कोणाही धर्माधिकाऱ्याची सत्ता चालूं देण्यास त्यांनीं पत्रांतून साफ नकार दिला. त्यांच्या शारदासदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशीं १८९३ मध्यें कर्व्यांनीं पुनर्विवाह केला व त्यासाठीं गांवाचा बहिष्कार सोसला. कर्वे ख्रिस्ती नव्हते. पण मनास पटलें तें उघडपणें आचरावें व त्याची किंमत स्वतः द्यावी, हा धडा हिंगण्याच्या माळानेंही शिकविला आहे.

सत्यासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, तत्त्व उत्तम असलें म्हणून तें पाळणारे नेहमींच उत्तम निघतात असें नाहीं. अमेरिकेंतील दक्षिणेच्या बॅप्टिस्टांनीं १८४५ मध्यें गुलाम बाळगण्याच्या प्रश्नावरून उत्तरेपासून फारकत घेतली. विवेकाच्या स्वातंत्र्यासाठीं ज्यांचे पूर्वज तुरुंगांत मेले, त्यांनींच मनुष्यास दावणीला बांधणें योग्य ठरविलें ! त्याबद्दल त्या संघानें १९९५ मध्यें जाहीर क्षमा मागितली. आणि ज्या मार्टिन ल्यूथर किंगनें कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं प्राण वेंचले, तोही बॅप्टिस्ट पाळकच होता. १९५९ मध्यें तो गांधीजींच्या या देशांत यात्रेकरूप्रमाणें येऊन गेला.

या दीर्घ वादाचा एक सुंदर टप्पा महाराष्ट्रांतच घडला. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांत उत्तर हिंदुस्थानांतील बॅप्टिस्टांचा संघही होता. तेथें असें ठरलें कीं, बालकाचा बाप्तिस्मा व विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही रीतींस मान्यता असावी. आईबापांनीं आपल्या मनास साक्ष ठेवून निवड करावी. इतर कित्येक बॅप्टिस्ट मंडळ्या स्वतंत्र राहिल्या, व तेंही त्यांच्या तत्त्वास धरूनच झालें.

आतां आपण उंबऱ्याशीं आलों. पालकहो, आपण मुलांस घर देतों, भाषा देतों, प्रार्थना शिकवितों, चांगलें वळण लावतों. हें सारें द्यावेंच. परंतु विश्वास हा दागिन्याप्रमाणें पेटींतून काढून मुलाच्या गळ्यांत घालतां येत नाहीं. बॅप्टिस्ट मंडळीची शिकवण कोणास पटो वा न पटो, तिनें विचारलेला प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःस विचारावा : आमचें मूल जें मानतें, तें समजून मानतें काय ? आणि उद्यां त्यानें ‘मला विचार करूं द्या’ असें म्हटलें, तर तेवढा धीर आमच्यापाशीं आहे काय ? विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडेही एक मागणें आहे. विचार करण्याची मोकळीक मागाल, तर विचार खरोखर करा. जडसनप्रमाणें प्रतिपक्षाचें पुस्तक उघडून वाचा. आणि लक्ष्मीबाईंप्रमाणें, मन वळेपर्यंत थांबण्यास भिऊं नका.