लेक ‘डेड’ म्हणाली तेव्हा

शाळा सुटायच्या वेळी एक आई मोबाइल हातात घेऊन माझ्याकडे आल्या. मैत्रिणीच्या व्हिडिओखाली त्यांच्या लेकीनं लिहिलं होतं, ‘आय अ‍ॅम डेड’. आईंनी डिक्शनरी उघडली, तर डेड म्हणजे मेलेला. त्या माउलीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मी त्यांना विचारलं, “ओट्यावर गप्पा रंगल्या की तुम्ही काय म्हणता?” त्या म्हणाल्या, “बाई, हसून हसून मेले.” लेकीनं तेच लिहिलं होतं.

पालकहो, कळमनुरीत आता घरोघरी असे शब्द येतात. ‘सिक’ म्हणजे आजारी हे आपण शिकलो, पोरं ते झकास या अर्थानं वापरतात. ‘गोट’ म्हणजे बकरी, पण पोरांच्या तोंडी ती ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ची चार आद्याक्षरं. ‘फायर’ म्हणजे आपला ‘जाळ’. आपण तरी ‘लई भारी’ म्हणताना वजन कुठं करतो?

आपल्याला इंग्रजी येत नाही, मग यात काय बोलणार, असं मनात आणू नका. शब्द घर बदलतो हे तुम्हाला ठाऊक आहे. संस्कृतात ‘राग’ म्हणजे प्रेमसुद्धा, आपल्याकडे संताप. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे ती छडी झाली. आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चालायचा. तिथून अरबी-फारसी शब्द थेट आपल्या बोलण्यात उतरले. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका माणूस. आपण पैसा नसलेल्याला गरीब म्हणतो आणि न मारणाऱ्या गाईलाही.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘डीपी’. मुलगी घरात म्हणाली, “डीपी बदलली,” आणि वडील आनंदानं उठले. शेतातला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपली ‘डीपी’, जळून आठवडा झाला होता, मोटर बंद, हळद सुकत होती. तिनं मोबाइलवरचा आपला फोटो बदलला होता. वडील काही न बोलता बसले. ती हिरमुसली, कारण तिला वाटलं बाबांना फोटो आवडला नाही. कोणीच कोणाला विचारलं नाही, एवढंच मला लागलं.

डिक्शनरी खोटी नसते, ती माणसांच्या मागून चालते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, तोही लोक काय बोलतात ते गोळा करून. 2023 मध्ये ऑक्सफर्डनं वर्षाचा शब्द म्हणून ‘रिझ’ निवडला. कॅरिझ्मा या शब्दाचा मधला तुकडा तोडून पोरांनीच तो घडवला, अर्थ समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी. म्हणून डिक्शनरी जरूर बघा, पण आधी लेकराला विचारा. “हे काय गं, मला सांग ना,” एवढं म्हटलं की पोरं खुलतात. आईबापाला शिकवायला कोणाला आवडत नाही?

कुठला शब्द कुठं चालतो, हे मात्र आपणच सांगायचं. मित्राला ‘ब्रो’ ठीक, पण मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिताना ‘ब्रो’ नाही. परीक्षेत ‘यू’ पूर्ण तीन अक्षरी लिहायचा, मोबाइलसारखा एकाक्षरी नाही. पोरांना यात आपला अपमान वाटत नाही. लग्नाचे कपडे वेगळे आणि शेतातले वेगळे, हे त्यांना कळतं.

काही शब्द घाण असतात, कोणाचा रंग, जात, शरीर यावर बोट ठेवणारे. पोरं ते अर्थ न कळता उचलतात. मारू नका. अर्थ सांगा, आणि तो शब्द ज्याला लागला त्याच्या जागी बसवून बघायला सांगा.

आणि त्या आईंना मी जे शेवटी सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. तुम्ही घाबरलात ते चुकलं नाही. ‘डेड’ हसताना लिहिलं, तर तो शब्दाचा खेळ. पण लेकरू गप्प आहे, ताटातलं तसंच टाकतंय, खेळायला जात नाही आणि मग मरणाचं बोलतंय, तर ते कुठल्याही भाषेत असो, खेळ समजू नका. त्याच रात्री जवळ बसा, स्पष्ट विचारा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या.

त्या आईंनी घरी जाऊन वहीच्या मागच्या पानावर लेकीला शब्द लिहायला सांगितले. एका बाजूला लेकीचे, दुसऱ्या बाजूला आईचे. परवा वही बघितली. ‘डेड’च्या समोर लेकीच्या अक्षरात होतं: ‘हसून हसून मेले (मम्मी)’.